ख्रिस्ती उन्हाळी शिबिराची निवड करताना

अमेरिकेत उन्हाळी सुटीत मुलांना ख्रिस्ती निवासी शिबिरात पाठविण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे. पोहणे, नौकाविहार, घोडेस्वारी आणि जोडीला प्रार्थना व बायबलचे पठण, असा तेथील दिनक्रम असतो.

शिबिर कोणत्या पंथाचे, हे पालक प्रथम विचारतात. ते योग्यच, कॅथलिक आणि बॅप्टिस्ट शिबिरांतील उपासना निराळी असते. मात्र त्याआधी विचारावे, की मुले झोपतात त्या खोल्या नदीपासून किती उंचावर आहेत? ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला पूर आला आणि 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरातील २७ मुली व मार्गदर्शक तरुणी मृत्युमुखी पडल्या. आपत्कालीन योजना असल्याची नोंद सरकारी तपासनिसाने दोनच दिवस आधी केली होती. तेव्हा परवाना पाहून थांबू नये. रात्री इशारा कोण देणार, मुलांना कोणत्या वाटेने नेणार, त्याचा सराव झाला आहे काय, हे संचालकांनाच विचारावे.

अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांनुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा, तर ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक कर्मचारी हवा. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, कोणी प्रौढ एकट्या मुलासोबत राहू शकतो का, हे श्रद्धाळू माणसांना विचारताना संकोच वाटतो. तो बाळगू नये. मिसुरीतील एका नामांकित ख्रिस्ती शिबिराच्या माजी संचालकाला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल २०१० मध्ये जन्मठेप झाली आहे.