जोंधळा, हुलगे आणि उसाची हौस

आमची आजी पारनेर तालुक्यातली. बियाण्याचा जोंधळा ती राखेत घोळून मडक्यात भरायची, तोंड शेणमातीनं लिंपायची आणि पेरणीपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. कणसं निवडायचं काम पुरुषांकडं नव्हतंच. "गड्यांना ताटाची उंची दिसती, दाणा दिसत नाही," म्हणायची. थंडीत हुरडा, एरवी हुलग्याचं माडगं नाहीतर शेंगोळे. शेंगोळ्यात लसूण किती, यावरून दोघी जावांचं वर्षानुवर्षं वाजायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्याची घरात ज्याची त्याची वेगळी गोष्ट. कुणी खडी फोडली, कुणी सुकडीसाठी रांग धरली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापता थापताच मोडायची, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. बियाण्याचं मडकं आजीनं त्याही साली फोडलं नाही, असं सांगतात. खरं असेल, नाहीतर नंतर चढलेला रंग.

पण या माणसांना संत करून टाकणं मला जमत नाही. आजोबांच्या मनात ऊसच होता. प्रवरेवर 1926 साली भंडारदऱ्याचं धरण झालं, 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटपाण्यावरच्या पाहुण्यांचा स्लॅब पडला, आमचे पत्रेच राहिले. ऊस वर्षभर पाणी पितो, हे आजोबांना कळत होतं. "जोंधळ्यानं पोट भरतं, पोरीचं लगीन होत न्हाई," एवढंच ते म्हणत. त्यावर कुणाकडंच उत्तर नसे.

उत्तर हिवरे बाजार या गावानं दिलं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदानातून डोंगरावर चर. ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअरही नको. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. नुसत्या बंद्यांवर गाव टिकलं नसतं. डोंगरावरचं गवत कापून न्यायची मुभा होती. गोठे भरले, दूध वाढलं, कांद्याचे पैसे हाती आले, तेव्हा कुठं गाव सोडून गेलेली घरं माघारी फिरली.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. ती पाहिल्यावर आजीची फार आठवण आली. राहीबाई आणि पोपटराव, दोघांनाही 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आजी असती तर तिनं विचारलं असतं, "बी राखल्याचंबी बक्षीस असतं व्हय?"

आता हवामानाची चर्चा करणारी मंडळी कडधान्यांकडं वळा म्हणतात, ते खोटं नाही. हुलग्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तेवढा युरिया वाचतो. आणि जादा युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त उष्णता कोंडतो. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडं युरियाला पैसे नव्हते, एवढंच.

हुरडा पार्टीला आपण ताटाचे म्हणाल तेवढे पैसे मोजतो आणि बाजारात ज्वारीच्या किलोमागं दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. आधी ती थांबवा, मग शेतकऱ्याला ऊस सोडायला सांगा.