क्वार्कोनियमाची निर्मिती व तिचे मापन, प्रोटॉन आघातांतील
चार्म वा बॉटम या जड क्वार्कांपैकी एक क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क यांच्या बद्ध अवस्थेस क्वार्कोनियम म्हणतात. हा कण अत्यल्प काळात क्षय पावतो. क्षयातून काही वेळा विरुद्ध विद्युत् भारांच्या इलेक्ट्रॉनांची वा म्यूऑनांची जोडी बाहेर पडते व तिचे संवेग मोजून मूळ कणाचे द्रव्यमान काढता येते. अशा अनेक जोड्यांच्या आलेखात त्या द्रव्यमानापाशी शिखर दिसते. ते किती अरुंद दिसेल हे मापनाच्या अचूकतेवर अवलंबून असते. या विषयाचा आरंभीचा इतिहास बव्हंशी याच गोष्टीचा आहे.

१९६८ मध्ये ब्रुकहेवन येथे एल. एम. लेडरमन व त्यांचे सहकारी यांनी युरेनियमाच्या लक्ष्यावर प्रोटॉन आदळवून म्यूऑनांच्या जोड्या मोजल्या. जाड पोलादातून म्यूऑन आरपार जातात व इतर बहुतेक कण अडतात, ही सोय होती. परंतु पोलादातील प्रकीर्णनामुळे मापन पुसट होई. ३ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारास आलेखावर शिखराऐवजी खांद्यासारखा उंचवटा आला व त्याचा निश्चित अर्थ लावता आला नाही. १९७४ मध्ये त्याच प्रयोगशाळेत एस. सी. सी. टिंग यांनी बेरिलियमाचे लक्ष्य वापरून इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉन जोड्या कितीतरी अधिक अचूकतेने मोजल्या, तेव्हा ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टला अतिशय अरुंद शिखर मिळाले. त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथे बी. रिक्टर यांच्या गटास तोच कण आढळल्याने त्यास ‘जे/साय’ असे जोडनाव पडले. टिंग व रिक्टर यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी लेडरमन यांच्या गटाने फेर्मी प्रयोगशाळेत ६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ नवा कण आढळल्याचे जाहीर केले. अधिक निरीक्षणांत ते शिखर विरून गेले. १९७७ मध्ये म्यूऑनांसाठी कमी प्रकीर्णन करणारे बेरिलियमाचे अडसर वापरल्यावर मात्र ९.५ अब्जापाशी खरे शिखर मिळाले व ‘अप्सिलॉन’ हे नाव त्यास देण्यात आले. बॉटम क्वार्काचा हा पहिला पुरावा होय.

कण सापडणे वेगळे आणि तो किती प्रमाणात निर्माण होतो हे सांगणे वेगळे. जे/साय कण बॉटम क्वार्कयुक्त कणांच्या क्षयातूनही उत्पन्न होतात. ते कण क्षयापूर्वी मिलिमीटरच्या काही अंशाएवढे अंतर जातात. फेर्मी प्रयोगशाळेतील सीडीएफ गटाने सिलिकॉन अभिज्ञातकांच्या साहाय्याने १९९० नंतरच्या दशकात हे अंतर मोजून दोन्ही उगम वेगळे केले. तेव्हा प्रोटॉन–प्रतिप्रोटॉन आघातांत थेट निर्माण होणारे साय (२ एस) कण तत्कालीन सिद्धांताच्या अपेक्षेहून सुमारे ५० पट निघाले. एवढी तफावत आकडेमोडीतील किरकोळ दुरुस्तीने भरून येणारी नव्हती. क्वार्कांची जोडी प्रथम रंगयुक्त अवस्थेत जन्मून नंतर मंद ग्लुऑनांद्वारे रंगहीन होऊ शकते, हे गृहीत धरणाऱ्या बॉडविन, ब्रातेन व लपाज यांच्या १९९५ मधील सिद्धांताने प्रमाणाचा मेळ बसला. पण त्यानुसार मोठ्या आडव्या संवेगाचे कण ठळकपणे ध्रुवित असावयास हवेत. जिनीव्हाजवळील सर्नच्या वेगवर्धकावर २०१० पासून झालेल्या प्रोटॉन–प्रोटॉन आघातांच्या मापनांत हे ध्रुवण जवळजवळ आढळत नाही.