दर्ग्याच्या तळ्यातली काळी कासवे

चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात मऊ पाठीची काळी कासवे आहेत. संताने दुष्ट जिनांना कासव करून टाकले, अशी तिथली दंतकथा. त्यामुळे त्यांना कोणी मारत नाही, येणारा-जाणारा पाव-केळी भरवतो. जॉन अँडरसनने १८७५ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ‘ही जात या एकाच तळ्यात उरली’ हे वाक्य ग्रंथाग्रंथांतून फिरत राहिले आणि २००२ मध्ये आययूसीएनने तिला निसर्गातून नामशेष ठरवले. मला यात खटकते ते असे, की तळ्यातली कासवे मुळात कुठल्या तरी नदीचीच असणार; मग ती नदी कोणी नीट शोधली होती का?

पीटर प्राशाग आणि सहकाऱ्यांनी ती शोधली. २००७ मध्ये त्यांनी सायटोक्रोम-बी जनुकाची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा आसामच्या जिया भोरोली नदीत ही जात मोकळी जगत असल्याचे सिद्ध झाले. जवळच्या जातींशी तिचे साम्य इतके, की नुसत्या डोळ्यांनी फसगत व्हावी.

हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यातही ती आहेत. (आपल्याकडे गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, तिथे तळ्यात जिवंत!) तिथल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले पोबितोरा अभयारण्यात सोडली गेली आहेत. श्रद्धेने ही कासवे राखली, हे मान्यच. पण बंद तळ्यात पिढ्यान्पिढ्या आपसातच वीण होते, बाहेरचे रक्त येत नाही. ते आहे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, जिथे कासव आजही खाण्यासाठी पकडले जाते.