फेख्नरची बाग

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, सूर्याकडे टक लावून पाहिलं की डोळे सुधारतात का?" उत्तरादाखल गुस्टाव्ह फेख्नरची हकीकत सांगतो.

हा लाइपत्सिग विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. नजर हटवल्यावरही डोळ्यांत रेंगाळणाऱ्या प्रतिमा अभ्यासण्यासाठी तो रंगीत काचांमधून सूर्याकडे पाहत असे. जोडीला अतिश्रम होतेच. १८४० च्या सुमारास त्याला उजेडच सोसेना. अध्यापन सुटलं, आणि जवळजवळ तीन वर्षं तो डोळ्यांवर पट्टी बांधून अंधारात राहिला. १८४३ मध्ये पट्टी सोडून बागेत आला, तेव्हा फुलं त्याला जणू आतून उजळलेली दिसली. वनस्पतींना आत्मा असतो, असं मांडणारा 'नान्ना' हा त्याचा ग्रंथ १८४८ चा. त्यात हा अनुभव आहे.

आपण यातून काय घ्यायचं? दृष्टिपटल भाजलं तरी दुखत नाही. म्हणून "मला तर काही त्रास होत नाही" ही साक्ष इथे चालत नाही. उलट सतत अंधारात राहिल्यानंही डोळे अधिक हळवे होतात. तेव्हा उजेड घ्यावा, पण झाडाच्या सावलीत, टोपी घालून. थेट सूर्याकडे पाहून नव्हे. आणि उजेड अचानक सोसेनासा झाला, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.