सराईच्या अंगणातील इंग्रजी नाटक

इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरचे नाव निघाले की आम्ही शिक्षक एक गोष्ट हमखास सांगतो. पूर्वी लंडनमध्ये नाट्यगृहे नव्हती, नाटके सराईच्या अंगणात होत आणि त्या अंगणावरूनच पुढे नाट्यगृहाचा आकार ठरला. मीही कित्येक वर्षे फळ्यावर चौकोन काढून हेच शिकवीत आलो. मध्ये रंगमंच, भोवती लाकडी सज्जे, खाली उभी गर्दी. एका वर्षी नववीतील एका मुलाने विचारले, "सर, मग गाड्या कुठे उभ्या करीत?" वर्ग हसला. मला मात्र उत्तर देता आले नाही. त्या मुलाच्या प्रश्नामुळेच मी या विषयात थोडे वाचन केले.

इंग्लंडमधील त्या काळची सराई म्हणजे रस्त्यावर कमानीचा दरवाजा, आत अंगण, खाली तबेले, वर मुसाफिरांच्या खोल्या. जेवण, मुक्काम आणि मद्य तिन्ही तेथे मिळे. परगावचा माल घेऊन येणारे गाडीवान आपापल्या ठरलेल्या सराईत उतरत. लंडनमधील ‘बुल’ या सराईत केंब्रिजचा हॉब्सन उतरत असे. त्याच्याकडे भाड्याने घोडा मागणाऱ्याला दाराजवळचा असेल तोच घोडा घ्यावा लागे. त्यावरून ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला.

अशा गजबजलेल्या जागी नाटके होत, याचा एक पुरावा मोठा दुःखद आहे. १५५७ साली राणी मेरीच्या राज्यात प्रॉटेस्टंट पंथीयांना उघडपणे उपासना करता येत नव्हती. त्या डिसेंबरात इस्लिंग्टन येथील ‘सॅरासन्स हेड’ सराईत काही मंडळी नाटक पाहण्याच्या निमित्ताने जमली. प्रत्यक्षात ती गुप्त प्रार्थनासभा होती. (‘सॅरासन’ हे युरोपीय लोकांनी मुसलमानांना दिलेले जुने नाव, सरायांच्या पाट्यांवर ते बरेच आढळते.) फितुरी झाली, माणसे पकडली गेली आणि त्यांचा धर्मोपदेशक जॉन रफ याला त्याच महिन्यात जिवंत जाळण्यात आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. बहाणा करायचा तर माणूस लोकांना सहज पटेल असाच करतो. म्हणजे सराईत नाटकाला जाणे तेव्हा इतके नेहमीचे झाले होते.

पुढे राणी एलिझाबेथच्या काळात लंडन शहराच्या हद्दीतील चार सराया नाटकांसाठी नावाजल्या. बिशप्सगेट रस्त्यावरील ‘बुल’, ग्रेसचर्च रस्त्यावरील ‘बेल’ आणि ‘क्रॉस कीज’, व लडगेट टेकडीवरील ‘बेल सॅव्हेज’. ‘बुल’ आणि ‘बेल सॅव्हेज’मध्ये तलवारबाजीच्या परीक्षाही होत. विद्यार्थ्याला वरची पायरी मिळवायची तर सर्व लोकांसमक्ष लढून दाखवावे लागे. आमच्या परीक्षांपेक्षा ती पद्धत कठीणच म्हणायची!

‘बुल’मधील एक किस्सा विनोदी नट रिचर्ड टार्लटन याच्या नावावर छापलेल्या पुस्तकात आहे. राजपुत्र न्यायाधीशाच्या थोबाडीत मारतो, असा प्रसंग होता. न्यायाधीशाचे काम करणारा नट आला नाही, म्हणून टार्लटनने स्वतःच्या विदूषकाच्या भूमिकेबरोबर तीही केली आणि जोरदार थप्पड खाल्ली. पुढच्या प्रवेशात तो विदूषक होऊन आला. न्यायाधीशाला मारल्याची बातमी त्याला सांगण्यात आली, तेव्हा ती नुसती ऐकूनच आपला गाल जळू लागला, असे तो म्हणाला. प्रेक्षक हसून बेजार झाले.

माझ्या मते सराईने नाटकाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दरवाजा. बाजारात किंवा मैदानात खेळ केला तर टोपी फिरवून मिळेल तेवढ्यावर समाधान मानावे लागे. सराईला कमान होती, तेथे माणूस उभा करता येई. विल्यम लँबार्ड याने १५७६ साली छापलेल्या ग्रंथात ‘बेल सॅव्हेज’चा दर सांगितला आहे: दरवाजाशी एक पेनी, वर चढायचे तर आणखी एक, निवांत उभे राहायला तिसरी. आधी पैसे, मग नाटक! पोटापाण्याचा धंदा म्हणून नट उभा राहिला तो याच्या जोरावर. या पेनीवरून रक्तही सांडले. जून १५८३ मध्ये नॉर्विच येथील ‘रेड लायन’ सराईत एक जण पैसे न देता आत शिरू पाहत होता. भांडण पेटले, नट तलवारी घेऊन धावले आणि एक मनुष्य ठार झाला.

तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांना नाटके नको होती, यात नवल नाही. डिसेंबर १५७४ च्या त्यांच्या हुकुमात तक्रारींची लांबलचक यादी आहे: भांडणे, खिसेकापूपणा, लगतच्या खोल्यांत तरुण मुलींना फसविणे, मचाण कोसळून झालेल्या दुखापती. यापुढे नाटक आधी तपासून घ्यावे, परवाना काढावा आणि गरिबांसाठी पैसे द्यावेत, असे ठरले. पालकांची काळजीही तीच होती. १५९४ साली अँथनी बेकन ‘बुल’जवळ राहायला गेला, तेव्हा त्याची आई लेडी बेकन घाबरून गेली. नाटकांमुळे मुलाचे नोकर बिघडतील, असे तिला वाटे. या बाईला हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात काय बोलतो, ते आठवावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉर्ड हन्सडनने महापौरांना पत्र लिहिले. त्याच्या मंडळीला, म्हणजे पुढे शेक्सपिअर ज्या मंडळीत नावारूपाला आला तिला, हिवाळ्यात ‘क्रॉस कीज’मध्ये खेळ करू द्यावेत. खेळ दोनला सुरू होऊन चार-पाचच्या दरम्यान संपेल, ढोल-कर्णे वाजविणार नाही, गरिबांना मदत देऊ, अशी हमी होती.

हिवाळ्यात, लंडनच्या थंडीपावसात, उघड्या अंगणात? येथेच त्या मुलाचे उत्तर सापडते. ‘बेल’ आणि ‘क्रॉस कीज’ या गाडीवानांच्या गर्दीच्या सराया होत्या, तेथील नाटके बहुधा आतल्या मोठ्या दालनात होत, असे अलीकडच्या अभ्यासकांना वाटते. उघड्या अंगणातला खेळ ‘बुल’ आणि ‘बेल सॅव्हेज’चा.

मग सराईवरून नाट्यगृह आले, हे कितपत खरे? १५६७ साली जॉन ब्रेन याने व्हाइटचॅपलला ‘रेड लायन’ येथे मुद्दाम नाटकासाठी बांधकाम केले. रंगमंच ४० फूट लांब, ३० फूट रुंद, ५ फूट उंच. नावावरून सराई वाटते, पण ती शेतावरची जागा होती. याच ब्रेनचा मेहुणा जेम्स बर्बेज. हुकुमानंतर दीड वर्षाच्या आतच, १५७६ मध्ये, दोघांनी शहराच्या हद्दीबाहेर शोरडिचला ‘द थिएटर’ उभारायला घेतले. पण त्यानंतरही वीसेक वर्षे सरायांतली नाटके चालूच राहिली. एक संपले आणि दुसरे सुरू झाले, असा सरळ हिशेब नाही.

आमच्या पुस्तकांत सराईच्या रंगभूमीचे म्हणून साउथवर्कच्या ‘जॉर्ज’ सराईचे चित्र असते. सज्जे सुंदर आहेत. परंतु ही इमारत आगीनंतर १६७७ साली बांधलेली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनी. तिच्याही बाकीच्या बाजू १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने पाडल्या. आज दक्षिणेची तेवढी उभी आहे.