फायनल फँटसी टॅक्टिक्स

फायनल फँटसी टॅक्टिक्स हा जपानमधील स्क्वेअर या कंपनीने प्लेस्टेशनसाठी तयार केलेला संगणकीय खेळ आहे. हा खेळ रणनीतिप्रधान भूमिका-खेळ, म्हणजेच टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेम, या प्रकारात मोडतो. तो जपानमध्ये २० जून १९९७ रोजी आणि उत्तर अमेरिकेत २८ जानेवारी १९९८ रोजी प्रकाशित झाला. खेळाची कथा चार प्रकरणांत विभागलेली आहे. त्यांपैकी तिसऱ्या प्रकरणाचा शेवट व संपूर्ण चौथे प्रकरण हा भाग काठिण्य आणि कथानक या दोन्ही दृष्टींनी विशेष प्रसिद्ध असून प्रस्तुत लेखाचा भर त्यावर आहे. पात्रांची व स्थळांची नावे २००७ सालच्या इंग्लिश भाषांतराप्रमाणे दिली आहेत.

निर्मिती

खेळाचे दिग्दर्शन व कथालेखन यासुमी मात्सुनो यांनी केले, तर हिरोनोबू साकागुची हे निर्माते होते. मात्सुनो यांनी यापूर्वी क्वेस्ट या कंपनीत ऑगर बॅटल (१९९३) व टॅक्टिक्स ऑगर (१९९५) हे खेळ तयार केले होते. टॅक्टिक्स ऑगरमधील उंचसखल पटावरील लढाई आणि राजकीय कथानक यांचा वारसा या खेळात स्पष्ट दिसतो. लढाईच्या पद्धतीची रचना हिरोयुकी इतो यांची, पात्रचित्रे अकिहिको योशिदा यांची आणि संगीत हितोशी साकिमोतो व मासाहारू इवाता यांचे आहे.

खेळाची पद्धत

लढाई चौकटींनी बनलेल्या त्रिमितीय पटावर होते. खेळाडूच्या बाजूने बहुधा पाच जण मैदानात उतरतात. बुद्धिबळात दोन्ही पक्ष एकाआड एक खेळतात. येथे मात्र प्रत्येक पात्राचा ‘वेग’ त्याची पाळी केव्हा येईल हे ठरवतो. त्यामुळे वेगवान शत्रू एखाद्या मंद सैनिकाच्या आधी दोनदाही खेळू शकतो. मंत्रांना सिद्ध होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात लक्ष्य जागा सोडून गेले तर मंत्र वाया जाऊ शकतो.

जागा आणि दिशा यांना मोठे महत्त्व आहे. उंचावरील धनुर्धराचा पल्ला वाढतो. पाठीवर किंवा कुशीवर केलेला वार समोरच्या वारापेक्षा लागण्याची शक्यता अधिक असते. म्हणून प्रत्येक पाळीच्या अखेरीस पात्राचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे हे खेळाडूला ठरवावे लागते. महाराष्ट्रातील वाचकास या नियमाचे मर्म जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईवरून सहज कळेल. शिंदे-भोसले यांची फौज भोकरदन ते असई या पट्ट्यात केळणा नदीमागे पसरली होती. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून आर्थर वेलस्लीने तेथून नदी ओलांडली व मराठ्यांची बगल गाठण्याचा प्रयत्न केला. शिंद्यांच्या कवायती पायदळाने लगोलग आघाडी वळवून त्याला तोंड दिले आणि बगलेवरचा हल्ला समोरासमोरचा झाला. इंग्रजांनी लढाई जिंकली, पण तिची किंमत जबर मोजली. उतार शोधणे आणि आघाडी फिरवणे या दोन्ही कृती खेळातील अनेक पटांवर जशाच्या तशा कराव्या लागतात.

सैनिकांना निरनिराळे व्यवसाय शिकवता येतात आणि एका व्यवसायात कमावलेले कौशल्य दुसऱ्यात वापरता येते. पडलेल्या सैनिकाला तीन पाळ्यांच्या आत सावध केले नाही, तर तो स्फटिक किंवा पेटी होऊन कायमचा नाहीसा होतो. यादृच्छिक लढायांतील शत्रू खेळाडूच्या पातळीबरोबर वाढतात, तर कथेतील बहुतेक शत्रूंची पातळी ठरलेली असते. परिणामी केवळ सराव करून बळ वाढवणे हा उपाय पुरेसा पडत नाही. कौशल्यांची निवड चुकली तर वरच्या पातळीचे पथकही हरते.

कथेची पार्श्वभूमी

इव्हालिस हे राज्य पन्नास वर्षांचे युद्ध हरून कंगाल झाले आहे. अज्ञान राजपुत्राच्या पालकत्वावरून ड्यूक लार्ग व ड्यूक गोल्टाना यांच्यात यादवी पेटते. या ‘सिंहांच्या युद्धा’ला इंग्लंडमधील गुलाबांच्या युद्धांचा आधार आहे. नायक रामझा हा बेऔल्व्ह या मातब्बर सरदारघराण्यातील धाकटा मुलगा, तर त्याचा बालमित्र डेलिटा सामान्य कुळातला. पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस रामझाच्या भावाच्या हुकमावरून डेलिटाची बहीण टीट्रा हिचा बळी जातो आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. डेलिटा सर्वांना वापरून घेत सत्तेकडे चढतो. रामझा घराणे सोडून चर्चच्या कटामागील राशिमण्यांचे रहस्य शोधत जातो आणि पाखंडी ठरतो. ही सारी हकिकत अराझलाम हा इतिहासकार कित्येक शतकांनंतर, चर्चने दडपून ठेवलेल्या कागदपत्रांवरून सांगतो.

रिओव्हान्सचा किल्ला

तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस रिओव्हान्स किल्ल्यात तीन लढाया लागोपाठ होतात. मधल्या वेळेत खेळ सेव्ह करता येतो, पण मूळ आवृत्तीत किल्ल्याबाहेर पडून सराव करता येत नाही. ज्या खेळाडूने आपल्या एकमेव नोंदीवर येथे सेव्ह केले आणि ज्याचा रामझा दुबळा होता, त्याला अनेक तासांचा खेळ सोडून आरंभापासून सुरुवात करावी लागे. खेळाची ‘निर्दय’ अशी ख्याती प्रामुख्याने याच किल्ल्यामुळे झाली. ती अगदीच अन्यायकारक नाही.

दुसऱ्या लढाईत रामझाला विग्राफशी एकट्याने लढावे लागते. विग्राफ हा पन्नास वर्षांच्या युद्धात लढून पगाराविना घरी पाठवल्या गेलेल्या सामान्य सैनिकांचा पुढारी. त्याची बहीण मिलौडा हिला पहिल्या प्रकरणात रामझाच्या पथकाने मारलेले असते. न्यायासाठी उठलेला हा माणूस मेष राशीच्या मण्याशी करार करून बेलियास नावाचा राक्षस बनतो. द्वंद्वात विग्राफ हरला की बेलियास प्रकट होतो, त्याच्यासोबत आणखी राक्षस येतात आणि तेव्हाच रामझाचे सोबती आत शिरतात.

या लढाईवरील दोन उपाय सर्वश्रुत आहेत. एक, रसायनकाराकडून शिकता येणारे आपोआप औषध घेण्याचे प्रतिक्रिया-कौशल्य. प्रत्येक घावानंतर रामझा स्वतः सावरतो. दुसरा, ‘टेलविंड’ या कौशल्याने स्वतःचा वेग पुनःपुन्हा वाढवत विग्राफपासून पळत राहणे. काही वेळाने रामझाला त्याच्या एका पाळीत अनेक पाळ्या मिळू लागतात. दुसरा उपाय शौर्याच्या कल्पनेत बसत नाही, पण तो नियमांतूनच निघतो.

तिसरी लढाई छतावर होते. राफा या मुलीला वाचवणे हे उद्दिष्ट असते, मात्र ती खेळाडूच्या ताब्यात नसते आणि शत्रूच्या दिशेने स्वतःच धावते. मार्क्विस एल्मडोर व त्याच्या दोन मारेकरी स्त्रिया इतक्या चपळ असतात, की खेळाडूची पहिली पाळी येण्याआधीच राफा पडू शकते. येथे तिघांपैकी एकाला गंभीर जखमी केले तरी लढाई जिंकली जाते. सर्वांना मारण्याच्या नादी लागणारा बहुधा हरतो.

चौथे प्रकरण

चौथ्या प्रकरणाचा मध्यबिंदू म्हणजे बेसेलाटचा किल्ला. दोन्ही फौजा निर्णायक लढाईसाठी जमलेल्या असताना रामझा बंधाऱ्याचे दरवाजे उघडतो आणि पुराचे पाणी मध्ये आणून लढाईच थांबवतो. युद्धावरील खेळात नायकाचे सर्वांत मोठे कर्तृत्व युद्ध टाळण्याचे असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. याच गदारोळात दोन्ही ड्यूक आपल्याच पक्षातील माणसांच्या हातून मारले जातात: लार्गला रामझाचा थोरला भाऊ डायसेडार्ग संपवतो, गोल्टानाला डेलिटा.

यानंतर ‘वज्रदेव’ म्हणून ओळखला जाणारा वृद्ध सेनानी ओर्लांडो पथकात सामील होतो. तो इतका बलाढ्य आहे, की त्याच्या येण्याने पुढील बहुतेक लढायांचा तोल ढळतो. त्याला मुद्दाम बाजूला ठेवून खेळणारेही पुष्कळ आहेत.

पुढे लिंबेरीच्या किल्ल्यात एल्मडोरचा शेवट होतो. मग कथा रामझाच्या घरी, ईग्रोझ किल्ल्यात येते. वडील आजाराने गेले नसून डायसेडार्गनेच त्यांना विष दिले, हे तेथे उघड होते. दुसरा भाऊ झालबाग त्याच्यावर तलवार उपसतो. डायसेडार्ग राक्षसरूप घेतो व झालबागचा बळी जातो. मुलाँडच्या मंदिरात हाच झालबाग जिवंत प्रेत होऊन रामझासमोर उभा केला जातो आणि आपल्याला मारून टाक अशी विनवणी करतो. लढाई म्हणून ती फार अवघड नाही. तरीही हा प्रसंग संपूर्ण खेळातील सर्वांत करुण मानावा लागेल.

अखेरच्या टप्प्यात पथक ऑर्बोन मठाच्या तळघरात उतरते. तेथून लढाया सलग होतात आणि पुन्हा नकाशावर परतता येत नाही. म्हणून औषधे व शस्त्रे यांची खरेदी आणि अपुरी राहिलेली उपकथानके त्याआधीच उरकावी लागतात. मृतनगरी ओलांडून पथक विमानांच्या स्मशानात पोहोचते. संत अजोरा हा चर्चने पूजलेला उद्धारक नसून त्याच्या आड अल्टिमा ही दुष्ट शक्ती होती, हे तोवर स्पष्ट झालेले असते. तिच्या पुनर्जन्मासाठी रामझाची बहीण अल्मा हिचा देह वापरला जातो. अल्मा सुटते आणि शेवटच्या लढाईत स्वतः भावाच्या बाजूने उतरते. अल्टिमाला दोन रूपांत हरवावे लागते.

समारोपात डेलिटा राजा झालेला दिसतो. पण राणी ओव्हेलिया, आपणही त्याच्या डावातले एक प्यादे होतो या समजुतीने, त्याच्यावर सुरा चालवते व त्याच्याच हातून मरते. सत्य लिहून ठेवणाऱ्या ओर्रानला चर्च जिवंत जाळते. रामझाचे नाव इतिहासात पाखंडी म्हणूनच राहते. दफनविधीच्या वेळी रामझा व अल्मा घोडेस्वारांसारखे चोकोबो पक्ष्यांवरून जाताना ओर्रानला ओझरते दिसतात, एवढाच धागा कथा सोडते.

भाषांतर व पुढील आवृत्त्या

१९९८ सालचे इंग्लिश भाषांतर सदोष होते. प्रशिक्षण-पाठांतील वाक्ये तर कित्येकदा दुर्बोध आहेत. उत्तरार्धातील राजकारण अनेकांना प्रथम समजले नाही, त्याचे हे एक कारण होय. प्लेस्टेशन पोर्टेबलसाठी २००७ साली निघालेल्या वॉर ऑफ द लायन्स या आवृत्तीत संपूर्ण नवे, जुन्या वळणाच्या इंग्लिशमधील भाषांतर देण्यात आले आणि दोन नवे व्यवसाय जोडले गेले. युरोपात हा खेळ प्रथम याच रूपात पोहोचला. ती आवृत्ती २०११ मध्ये आयओएसवर व २०१५ मध्ये अँड्रॉइडवर आली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी द इव्हालिस क्रॉनिकल्स ही आवृत्ती प्रकाशित झाली. तिच्यात संवाद ध्वनिमुद्रित असून काठिण्यपातळी निवडण्याची व आपोआप सेव्ह होण्याची सोय आहे. मूळ स्वरूपाला धरून असलेली आवृत्तीही सोबत दिलेली आहे.