बोईसर-तारापूरची नोंदवही: व्यावसायिक संवादाच्या शिक्षणाचा मागोवा

पालघर आणि बोईसरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना ‘कम्युनिकेशन’ हा विषय कुठल्या ना कुठल्या नावाने गाठतोच. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षे ‘बिझनेस कम्युनिकेशन’चा पेपर राहिला. इंजिनिअरिंगच्या २०१९च्या अभ्यासक्रमात ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ दुसऱ्या आणि पाचव्या अशा दोन सत्रांत आले. तरीही हा विषय म्हणजे अर्ज, बायोडेटा आणि मुलाखतीचे इंग्रजी, अशीच समजूत घट्ट आहे. मुख्य विषयांच्या कडेला बसलेला, थोड्या तयारीत मार्क देणारा पेपर म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. या पट्ट्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. इथे नीट लिहिणे आणि नीट सांगणे हा उत्पादनाचा, सुरक्षिततेचा आणि हक्काचा भाग होत गेला आणि त्यावर पोट भरणारे व्यवसायही उभे राहिले. शिक्षण तेवढे जुन्या साच्यात राहिले. ही तफावत कशी पडली हे समजून घेतल्याशिवाय ती भरून निघणार नाही.

हा साचा मुंबईच्या व्यापाराने घडवला. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि वाणिज्याला पदवीच्या शिक्षणात मानाची जागा मिळाली. पेढ्या, विमा कंपन्या, जहाज कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांना त्या काळी हवा होता तो पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस. चौकशीचे पत्र, दरपत्रक, मालाची मागणी, थकबाकीची आठवण, तक्रार आणि तिला उत्तर, असे पत्रांचे ठरलेले प्रकार होते आणि प्रत्येकाचा मायना ठरलेला होता. पुढे तालुक्यांच्या गावांत टायपिंग-शॉर्टहँडचे क्लास निघाले. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांनी अनेक मध्यमवर्गीय मुलामुलींना कारकुनाची किंवा स्टेनोची नोकरी मिळवून दिली. या शिक्षणाचे मोल कमी लेखायचे कारण नाही. घरातली पहिली पगारदार स्त्री कित्येकदा याच वाटेने बाहेर पडली. पण त्यात एक गृहीतक होते: मजकूर साहेब सांगणार, कारकून तो बिनचूक उतरवणार. काय लिहायचे याची जबाबदारी एकाची आणि कसे लिहायचे याची दुसऱ्याची, ही विभागणी कचेरीत चालून गेली. कारखान्यात ती चालणार नव्हती.

कारखाना इकडे आला तो १९६०नंतर. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि यथावकाश बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. भातशेती, बागायत आणि मासेमारीवर जगणाऱ्या भागात रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले आणि लिहिण्याचे काम टेबलावरून यंत्रापाशी सरकले. औषधाच्या कारखान्यातले बॅच रेकॉर्ड पाहिले तर हा बदल नेमका कळतो. कोणता कच्चा माल किती वजनाचा, किती वाजता टाकला, तापमान किती होते, हे जो ते काम करतो त्याने तिथल्या तिथे लिहायचे आणि सही करायची. शेजारी तपासणाऱ्याची सही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. नोंद नसेल तर काम झालेच नाही असे तपासनीस धरून चालतो. रसायनांच्या कारखान्यात वेल्डिंगपूर्वी ‘हॉट वर्क परमिट’ भरावे लागते: टाकी रिकामी केली का, धुतली का, वायूची चाचणी काय आली, परवाना किती वाजेपर्यंत. पाळी बदलताना लॉगबुकात ‘व्हॉल्व्ह पाहिला’ असे लिहिले तर पुढच्या पाळीच्या माणसाला काहीच कळत नाही. ‘व्हॉल्व्ह बंद केला, टॅग लावला, दुरुस्ती बाकी’ असे लिहिले तर त्याचा जीव वाचू शकतो. इथे मजकूर सांगणारा साहेब नाही. लिहिणाराच जबाबदार आहे.

या जबाबदारीला कायद्याचे बळ मिळाले ते एका भीषण घटनेनंतर. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळला विषारी वायूची गळती झाली, तेव्हा कारखान्याबाहेरच्या वस्तीला आत कोणते रसायन साठवले आहे आणि ते हवेत पसरले तर काय करायचे, हे ठाऊक नव्हते. १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षा माहितीपत्रके, लेबले आणि आपत्कालीन आराखडे यांची सक्ती केली. याचा अर्थ असा, की कारखान्याने लोकांना कळेल असे सांगणे ही आता सौजन्याची बाब राहिली नाही. तारापूरसारख्या ठिकाणी तर हे काम आणखी अवघड. शेजारच्या गावांत मराठी आणि तिच्या बोली, व्यापारात गुजराती, पाळ्यांत काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार, आणि माहितीपत्रक इंग्रजीत. अणुवीज केंद्रासारख्या केंद्र सरकारच्या आस्थापनांना राजभाषा अधिनियमानुसार सर्वसाधारण आदेश, निविदा इत्यादी कागद हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढावे लागतात. त्यासाठी अनुवादक आणि राजभाषा अधिकारी अशी पदे असतात. भाषा जाणणाऱ्या पदवीधराला औद्योगिक जगात शिरण्याची ही एक सरळ वाट आहे, पण ती कॉलेजात क्वचितच दाखवली जाते.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरही लेखनाची ताकद दिसली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र बिघडून मासेमारी बुडते आहे, ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ती २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली आणि जानेवारी २०२२मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर भरपाईची जबाबदारी टाकणारा आदेश दिला. अशा लढाईत आंदोलनाइतकाच कागद महत्त्वाचा असतो: तारखा, पाण्याचे नमुने, पत्रांच्या पोचपावत्या, तज्ज्ञांचे अहवाल, आणि हे सगळे सुसंगत मांडणारा अर्ज. त्याआधी १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा माहिती कार्यालय इथे आले. १९६४च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत चालतो. म्हणजे आज या एका जिल्ह्यात औषध कंपनीचे परदेशी नियामकांसाठीचे इंग्रजी दस्तऐवज, सुरक्षा विभागाच्या बहुभाषिक सूचना, निर्यातीची कागदपत्रे, तांत्रिक लेखन, अनुवाद, शासकीय टिपणी, जनसंपर्क आणि वार्ताहरकी ही सगळी कामे हाताशी आहेत.

यावर पहिला आक्षेप असा, की नोकरी इंग्रजीने मिळते. मग मराठी-हिंदीच्या लेखनात वेळ का दवडायचा? इंग्रजी हवेच, त्यात तडजोड नको. नियामकाला पाठवायचा दस्तऐवज इंग्रजीतच जातो. पण इंग्रजीने दार उघडते, आतले काम अनेक भाषांत चालते. इंग्रजी कार्यपद्धती वाचून ती पाळीवरच्या कामगाराला त्याच्या भाषेत समजावणारा माणूस सुपरवायझर होतो. नुसते पाठ केलेले इंग्रजी बोलणारा मुलाखतीपुढे फारसा जात नाही. दुसरा आक्षेप आजचा: हे सगळे आता यंत्र लिहून देईल. मायन्यातली पत्रे ते देईल, यात शंका नाही, आणि म्हणूनच केवळ मायना शिकवणारा पेपर कालबाह्य झाला. टाकीतले तापमान प्रत्यक्ष पाहून नोंदवणे, अनुवादात ‘टाळा’ आणि ‘थांबवा’ यांतला फरक घातक ठरेल का हे ओळखणे आणि खाली सही करून जबाब देणे माणसालाच भाग आहे. तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: हे कामावरच शिकता येते. शिकता येते, पण तिथे चुकीची किंमत मोठी असते आणि ती बहुतेकदा सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो. वर्गात चुकायला जागा आहे. ती वापरायला हवी.

म्हणून कॉलेजांनी हा विषय घडवताना मुंबईच्या जुन्या पेढ्यांकडे पाहणे सोडून आपल्या दारातल्या कारखान्याकडे, खाडीकडे आणि कचेरीकडे पाहावे. परमिट, पाळीची नोंद, अपघाताचा अहवाल, गावासाठीची मराठी सूचना, माहिती अधिकाराचा अर्ज हे वर्गातले पाठ व्हावेत, आणि कामगार, सुरक्षा अधिकारी, मच्छीमार संस्थांचे कार्यकर्ते यांना ते तपासायला बोलवावे. पालघरच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि ज्ञानेश्वरी सामान्य वाचकाला कळावी म्हणून त्यांनी तिची सार्थ आवृत्ती सिद्ध केली. अवघड गोष्ट ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचवणे ही विद्वत्तेची कसोटी आहे, हे या भागाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. विद्यार्थ्यांनीही हा पेपर मार्कांसाठी न लिहिता कामासाठी शिकावा. त्यांच्या एका स्पष्ट वाक्यावर उद्या दुसऱ्याची सुरक्षितता आणि त्यांची स्वतःची नोकरी, दोन्ही अवलंबून असणार आहेत.